मिंगलाडॉनचं गुप्तधन

2013 सालच्या जानेवारीत उत्तर ब्रह्मदेशातल्या मित्कीना शहरात एका खड्ड्याच्या तळाशी लाकडी पेटारा लागला. त्याला भोक पाडून आत कॅमेरा सोडला, तर अंधार आणि गढूळ पाणी एवढंच दिसलं. तरी बातमी जगभर गेली, कारण त्या पाण्यात स्पिटफायर असेल अशी आशा होती. दुसऱ्या महायुद्धातलं, थेट कारखान्यातून आलेलं, एकदाही न उडालेलं लढाऊ विमान!  विमान काही निघालं नाही.

आपल्याकडच्या गुप्तधनाच्या गोष्टींत एक पायाळू माणूस लागतो. पायाकडून जन्मलेल्याला जमिनीतला हंडा दिसतो, ही जुनी समजूत. ब्रह्मदेशातल्या या शोधात पायाळूचं काम यंत्रांकडे होतं. जमिनीत रडारच्या लहरी सोडून किंवा विजेचा प्रवाह खेळवून खाली धातू आहे का हे ती सांगत होती. बाकीची सामग्री मात्र ओळखीची. कुणा म्हाताऱ्यानं सांगितलेली खूण, सापडण्याआधीच ठरलेली वाटणी आणि प्रत्येक रिकाम्या खड्ड्यानंतर ‘अजून थोडं खाली’. हे मी थट्टेनं लिहीत नाही. त्या विमानांची ओढ मला स्वतःला आहे, आणि म्हणूनच युद्धातली विमानं खरोखर मातीखाली असतात का, असली तर कशी उरतात आणि पुन्हा उडू शकतात का, हे एकदा नीट तपासून पाहावंसं वाटलं.

ब्रह्मदेशातल्या शोधामागचा माणूस डेव्हिड कंडल, इंग्लंडमधल्या लिंकनशायरचा शेतकरी. बुडालेली, पडलेली विमानं शोधण्याचा त्याला नाद. 1990 च्या दशकाच्या मध्यात त्याच्या कानावर एक हकिगत आली. युद्ध संपताना ब्रह्मदेशात काही अमेरिकन सैनिकांनी इंग्रजांसाठी खड्डे खणले आणि त्यांत खोक्यांसकट स्पिटफायर पुरली, अशी. कंडलनं माजी सैनिकांना गाठायला सुरुवात केली. मिंगलाडॉनच्या हवाईतळावर, म्हणजे आजच्या यांगून विमानतळाच्या जागी, मोठमोठी खोकी खाली उतरवताना आपण पाहिल्याचं काहींनी सांगितलं. जपानवरच्या स्वारीसाठी आणलेली ही मार्क 14 जातीची विमानं. ऑगस्ट 1945 मध्ये युद्ध अचानक संपलं, परत नेणं परवडेना आणि दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायची नव्हती, म्हणून ती ग्रीस लावून, मेणकागदात गुंडाळून पुरली, अशी कथा हळूहळू पक्की होत गेली. आधी आकडा 36 होता. पुढे मित्कीना, मेइकटिला अशी ठिकाणं जोडली गेली आणि तो 140 पर्यंत चढला.

आकडा असा चढत गेला तेव्हाच कुणीतरी थांबून विचारायला हवं होतं. पण कंडलनं त्यात आपल्या आयुष्याची सोळाएक वर्षं आणि स्वतःच्या खिशातले सव्वा लाखांहून अधिक पौंड घातले होते. ब्रह्मदेशात लष्करी राजवट, पाश्चात्त्य देशांचे निर्बंध, परवानग्यांचे हेलपाटे. एवढी झीज सोसलेल्या माणसाला शंका परवडत नाही. 2012 च्या एप्रिलमध्ये ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन म्यानमारला गेले आणि त्यांनी राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांच्याशी हा विषय काढला. एका शेतकऱ्याचा छंद दोन देशांच्या मैत्रीचं प्रतीक झाला. ऑक्टोबरात करार झाला. जे निघेल त्याच्या किमतीतला अर्धा वाटा सरकारचा, बाकी कंडल आणि स्थानिक भागीदार कंपनी यांचा. पैसा ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’ हा खेळ बनवणाऱ्या वॉरगेमिंग कंपनीनं घातला.

या कंपनीनं एक गोष्ट फार चांगली केली. खणणाऱ्यांबरोबर तिनं पुरातत्त्वज्ञ आणि भूभौतिकशास्त्रज्ञही नेले, आणि जमिनीत हात घालण्याआधी लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय दप्तरखान्यात माणसं बसवली. तिथल्या कागदांतून निघालेलं चित्र साधं होतं. 1945 आणि 1946 मध्ये तीन खेपांत मिळून रंगूनला खोक्यांतून 37 विमानं आली. त्यांत स्पिटफायर एकही नव्हतं, आणि बहुतेक विमानं 1946 च्या शरद ऋतूत पुन्हा बाहेर पाठवली गेली होती. मिंगलाडॉनच्या धावपट्टीजवळ यंत्रांना खाली धातू लागत होता हेही खरं, पण हवाईतळाच्या पोटात धातू असणारच. युद्धकाळात धावपट्टीवर अंथरलेल्या भोकं पाडलेल्या पोलादी जाळ्या असतात, नळ असतात, केबली असतात. 18 जानेवारी 2013 ला तज्ज्ञांचा निष्कर्ष बाहेर आला की इथे स्पिटफायर नाहीत. फेब्रुवारीत कंपनीनं मोहीम गुंडाळली. या तुकडीतले अँडी ब्रॉकमन आणि ट्रेसी स्पेट यांनी 2020 मध्ये सगळ्या प्रकरणावर पुस्तक लिहिलं. दंतकथा कशी जन्मते आणि कशी पोसली जाते याचा तो दस्तऐवज आहे. कंडलचा विश्वास मात्र ढळला नाही.

त्या म्हाताऱ्या सैनिकांना खोटारडं म्हणावं का? मला तसं वाटत नाही. खोकी रंगूनला आली होती, ती उघड्यावर पडलेलीही कुणी पाहिली असतील. युद्ध संपताना सैन्य खड्डे खणून नको ते पुरतं, हेही खरं. साठ-पासष्ट वर्षांनी या दोन खऱ्या आठवणी एकमेकींत मिसळल्या आणि तिसरी, न घडलेली आठवण तयार झाली. ज्यांनी घरातल्या वृद्धांकडून फाळणीच्या किंवा 1948 मधल्या गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीच्या हकिगती ऐकल्या आहेत, त्यांना हे कळेल. माणूस खरा असतो, दुःख खरं असतं, तरी तारीख आणि जागा सरकलेली असते.

आपल्याकडे उभं राहून पाहिलं की त्या कथेतली आणखी एक फट दिसते, आणि तिची चर्चा फारशी झालेली नाही. ब्रह्मदेशच्या आघाडीवर रॉयल इंडियन एअर फोर्सही लढत होतं. त्याच्या आठव्या स्क्वाड्रनला 1944 मध्येच स्पिटफायर मिळाली होती. युद्ध संपलं तेव्हा बाकीच्या तुकड्यांची जुनी हरिकेन काढून स्पिटफायर देण्याचं काम चालू होतं. 1946 मध्ये चौथी स्क्वाड्रन जपानचा ताबा सांभाळणाऱ्या फौजेत गेली ती मार्क 14 स्पिटफायर घेऊनच. शेजारच्याच देशात याच विमानांना गिऱ्हाईक उभं असताना कोरी विमानं मातीत कोण घालेल? पुरण्यासाठी लागणारे बुलडोझर, लाकूड आणि माणूसबळ तेव्हा रंगूनमध्ये सोन्याच्या मोलाचं होतं, शहर नुकतंच मे 1945 मध्ये परत घेतलेलं, गोदी मोडलेली, आणि डोक्यावर पावसाळा.

मग मातीखाली विमानं नसतातच की काय? असतात. 2023 च्या उन्हाळ्यात युक्रेनमध्ये कीव्हच्या दक्षिणेला न फुटलेला जुना बॉम्ब काढताना एका घळीत हरिकेन विमानांचे सांगाडे लागले. खणत गेल्यावर आठ विमानांचे अवशेष निघाले. ही विमानं ब्रिटननं सोव्हिएत संघाला दिलेली. अमेरिकेच्या उधार-भाडे योजनेतल्या मदतीची अट अशी होती की युद्धानंतर जे शाबूत उरेल त्याचे पैसे द्यावे लागतील. मोडलं त्याचे नाहीत. म्हणून ती मोडून, कामाचे भाग काढून घेऊन घळीत लोटली आणि वर माती ओढली. ब्रह्मदेशच्या कथेत विमान जपण्यासाठी पुरलेलं असतं, आणि प्रत्यक्षात जिथे विमान पुरलेलं सापडतं तिथे ते संपवण्यासाठी पुरलेलं असतं. या एका फरकात सगळा प्रश्न आहे. ग्रीस लावून, नीट बांधून ठेवायची वस्तू कुणी खड्ड्यात ठेवत नाही, गोदामात ठेवतो.

संपवण्यासाठी नाही आणि जपण्यासाठीही नाही, तर नुसतीच पडलेली विमानं हा तिसरा प्रकार. सर्वांत जास्त नशीब त्यातच उघडलं आहे. 15 जुलै 1942 ला ब्रिटनकडे निघालेली सहा पी-38 लढाऊ आणि दोन बी-17 बॉम्बफेकी विमानं खराब हवामानात अडकून ग्रीनलँडच्या बर्फावर उतरली. माणसं सगळी वाचली, विमानं तिथेच राहिली. पुढच्या पन्नास वर्षांत वर्षावर्षाचा बर्फ साठत गेला आणि शोधणाऱ्यांना ती मिळाली ती सुमारे 80 मीटर खाली. पहिलं बी-17 गाठलं तर ते बर्फाच्या भारानं चिरडलेलं. पी-38 ची बांधणी अधिक दणकट; त्यातलं एक बऱ्यापैकी शाबूत होतं. गरम पाण्यानं बर्फ वितळवत विहिरीसारखे उभे बोगदे पाडले, खाली विमानाभोवती गुहा कोरली, आणि 1992 मध्ये ते तुकड्यातुकड्यानं वर काढलं. केंटकीतल्या मिडल्सबरो गावी दहा वर्षं खपून ते उभं केलं आणि 26 ऑक्टोबर 2002 ला ‘ग्लेशियर गर्ल’ हवेत गेलं. बाकीची विमानं अजून बर्फातच आहेत.

लेनिनग्राडजवळच्या दलदलीच्या जंगलात 1989 मध्ये एक जर्मन फोके-वुल्फ 190 सापडलं. 1943 मध्ये ते तिथे कसंबसं उतरलं होतं आणि भोवती झाडं वाढली होती. 2010 मध्ये ते अमेरिकेत पुन्हा उडालं. आयर्लंडच्या डोनेगल परगण्यात 1941 मध्ये पीटच्या चिखलात घुसलेलं स्पिटफायर 2011 मध्ये खणून काढलं. विमानाचे तुकडे झाले होते, पण त्यातली एक मशिनगन साफ करून चालवली तर ती सत्तर वर्षांनंतर चालली! कारण पीटच्या त्या ओल्या, काळ्या थरात प्राणवायू जवळपास पोचत नाही.

जमिनीचा प्रकार इथे सगळं ठरवतो. स्पिटफायरचं अंग ड्युराल्युमिनचं, म्हणजे तांबं आणि थोडं मॅग्नेशियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमचं. कोरड्या हवेत ते टिकतं. ओल, मीठ आणि शेजारी पोलाद असं एकत्र आलं की त्यात पांढरी पूड पडू लागते, पत्रा पापुद्र्यांसारखा सुटतो. इंजिनात आणि चाकांत वापरलेले मॅग्नेशियमचे भाग तर त्याआधीच विरघळून जातात. ब्रह्मदेशात वर्षाला किती पाऊस पडतो हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे जिथे भातखाचरात पाणी साचतं, तशा जमिनीत लाकडी पेटारा ठेवून तो 67 वर्षांनी उघडला तर काय निघेल, हे मित्कीनाच्या त्या गढूळ पाण्यानंच सांगितलं होतं.

आता पुन्हा उभं करण्याचं. इथे शब्द जपून वापरायला हवेत, कारण ‘जीर्णोद्धार’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मूळ देऊळ तसंच ठेवून केलेली डागडुजी येते. मे 1940 मध्ये कॅलेजवळच्या किनाऱ्यावर उतरलेलं पी 9374 हे स्पिटफायर 1980 मध्ये वाळूतून वर आलं. 2011 मध्ये ते उडालं, आणि 2015 मध्ये लिलावात 31 लाख पौंडांना विकलं गेलं. वाळूतून आलेला लगदा आणि आकाशातलं चकाकतं विमान या दोन्हींत समान काय? काही भाग, कागदपत्रं, आणि मुख्य म्हणजे क्रमांक. पंखांचे मुख्य कणे, एकात एक बसणाऱ्या चौकोनी नळ्यांचे, नव्यानं करावे लागतात. पत्रे नवे, रिव्हेटं नवी. जुन्या धातूवर माणसाचा जीव सोपवता येत नाही, म्हणून हे असंच व्हायला हवं. पण त्यामुळेच गंजक्या सांगाड्यालाही लाखोंची किंमत येते. क्रमांकाची पट्टी हाती लागली की तिच्याभोवती विमान बांधता येतं. गुप्तधनाच्या शोधाला पैसा का मिळतो याचं उत्तर इथे आहे.

दुसरा मार्ग धरणारेही आहेत, आणि माझं मन त्यांच्याकडे झुकतं. 26 ऑगस्ट 1940 ला इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ पाडलेलं जर्मन डॉर्निअर 17 गुडविन सँड्सच्या वाळूत बुडालं होतं. 10 जून 2013 ला ते वर काढलं, म्हणजे ब्रह्मदेशची मोहीम फसल्यावर काही महिन्यांतच. रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयानं ते कॉसफर्डला नेलं आणि लांबट तंबूंत ठेवून त्यावर सायट्रिक आम्लाचं सौम्य पाणी फवारत ठेवलं, मीठ आणि शिंपले सुटावेत म्हणून. उडवण्याचा प्रश्नच नव्हता. त्या जातीचं जगात उरलेलं दुसरं विमान ठाऊक नाही, म्हणून ते जसं आहे तसं राखायचं ठरलं; वाकलेलं, भोकं पडलेलं.

आणि विमानात माणूसही असतो. ब्रिटनमध्ये 1986 च्या कायद्यानं पडलेल्या लष्करी विमानांना संरक्षण आहे, परवान्याशिवाय खणता येत नाही, कारण त्या जागा पुष्कळदा थडगी असतात. 2012 मध्ये इजिप्तच्या वाळवंटात 1942 सालचं किटीहॉक जवळपास अखंड सापडलं, तेव्हा वैमानिक उतरून चालत गेल्याच्या खुणा शेजारी होत्या. विमानाच्या बातम्या झाल्या. त्या चोवीस वर्षांच्या मुलाचा शोध मात्र घरच्यांना समाधान देईल असा कधी लागला नाही. आपल्या ईशान्येला हा प्रश्न सर्वांत तीव्र आहे. आसाममधून हिमालयाच्या पूर्वेकडच्या रांगा ओलांडून चीनला रसद नेणाऱ्या ‘हंप’ मार्गावर शेकडो विमानं पडली. अमेरिकन गिर्यारोहक क्लेटन क्यूल्स यांनी 2006 मध्ये अरुणाचलात दामरोह गावाजवळच्या डोंगरात 25 जानेवारी 1944 ला हरवलेलं बी-24 शोधलं. त्यांना वाट दाखवली ती तिथल्या आदी शिकाऱ्यांनी. त्यांना ते अवशेष आधीपासून माहीत होते. पुढे अमेरिकेची शोधपथकं आली आणि 2016 मध्ये काही अवशेष सन्मानानं मायदेशी गेले. 2023 मध्ये पासीघाटला हंपचं संग्रहालयही उघडलं. तिथल्या सांगाड्यांतून विमान पुन्हा उडवायचा विचार कुणी केला नाही, आणि ते योग्यच झालं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं तिच्याकडे येतो. मातीतून नव्हे, पण मोडीतून विमानं पुन्हा उभी करण्याचं जगातलं एक फार मोठं काम आपल्या देशात झालं आहे, आणि आपण ते जवळपास विसरलो आहोत.

युद्ध संपल्यावर रॉयल एअर फोर्सची चार इंजिनांची लिबरेटर, म्हणजे बी-24, बॉम्बफेकी विमानं कानपूरच्या चकेरी तळावर जमा झाली. उधार-भाड्याचीच ती अट: परत करा किंवा निकामी करा. परत नेणं कुणालाच नको होतं. मग ती निकामी करण्यात आली. कुदळींनी पत्रे फोडले, उपकरणं चेचली, इंजिनांत वाळू ओतली, चाकं मुडपली. कीव्हच्या घळीत जे झालं तेच इथे उघड्यावर झालं. स्वातंत्र्यानंतर हवाई दलाला लांब पल्ल्याचं बॉम्बफेकी विमान हवं होतं आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टनं, म्हणजे आजच्या एचएएलनं, हे भंगार उचलायचं ठरवलं. कानपूरला जाऊन त्यांच्या माणसांनी एकाचं शेपूट, दुसऱ्याचं इंजिन, तिसऱ्याची काच असं करत विमानं उड्डाणापुरती जुळवली, आणि कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळूरला उडवत नेली! तिथे त्यांची पुरती दुरुस्ती झाली. 1948 च्या नोव्हेंबरात पाचवी स्क्वाड्रन या विमानांवर उभी राहिली. चाळीसहून अधिक लिबरेटर अशी परत आली.

पुण्याचा याच्याशी जवळचा संबंध आहे. सहाव्या स्क्वाड्रनची लिबरेटर लोहगावला असत आणि तिथून समुद्रावर टेहळणीला जात. 1968 च्या अखेरीस ती निवृत्त झाली तेव्हा जगात कुठेच लिबरेटर लष्करी सेवेत उरलं नव्हतं, आणि अमेरिकेत तर त्यांचं भंगार केव्हाच वितळून गेलं होतं. बांधलेली अठरा हजारांवर, उरलेली हाताच्या बोटांवर. म्हणून परदेशी संग्रहालयं भारताकडे वळली. लंडनच्या रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयाला, कॅनडाला, ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयाला लिबरेटर मिळालं ते आपल्याकडून. एक बंगळूरला पडून होतं. ते 1980 च्या दशकात आधी इंग्लंडला आणि मग अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेलं, आणि 1989 मध्ये पुन्हा उडालं. दिल्लीला पालमच्या संग्रहालयातही एक आहे. स्पिटफायरचंही असंच. कंडल ब्रह्मदेशात उतरण्याच्या वीस वर्षं आधी, 1970 च्या दशकाच्या शेवटी, ऑर्मंड हेडन-बेली आणि त्याचा भाऊ यांनी भारतातून आठ स्पिटफायर इंग्लंडला नेली होती. ती कुठल्याही खड्ड्यात नव्हती. हवाईतळांच्या कोपऱ्यांत, गवतात, सर्वांच्या डोळ्यांदेखत पडलेली होती.

विमानं गेली याचं मला फार दुःख नाही. इथे राहती तर कदाचित कबाड्याकडे गेली असती. दुःख वेगळं आहे. कंडलच्या न सापडलेल्या विमानांवर एक अख्खं पुस्तक आहे. कानपूरला कुदळीनं फोडलेल्या विमानांतून उडतं विमान जुळवणाऱ्या फिटर-मेकॅनिकांवर तसं काम झालेलं नाही. वाळू भरलेलं इंजिन त्यांनी कसं खोललं, सुटा भाग कुठल्या विमानातून कुठल्या विमानात गेला, पहिल्या उड्डाणाच्या सकाळी कोण कोण मैदानात उभं होतं, हे कुणीतरी लिहून ठेवलं असेल. बंगळूरच्या जुन्या घरांत, पुण्यात लोहगाव-विश्रांतवाडीच्या वस्त्यांत, कानपूरच्या छावणीत कुणाच्या तरी ट्रंकेत लॉगबुक असेल, कामाची वही असेल, पंखाखाली उभ्या असलेल्या माणसांचा फोटो असेल. रडार नको, परवाना नको, पंपही नको. दार वाजवून विचारायचं आहे. 1948 मध्ये विशीत असलेला मेकॅनिक आज शंभरीच्या घरात असेल.